बेलाच्या कवटीतली राणी

एका जंगलात, मोहाच्या झाडाच्या ढोलीत, एक खार राहत असे. जंगलाचे नाव मी सांगणार नाही. सांगितले तर तुम्ही रविवारी डबे बांधून बघायला जाल, आणि बघायला जाणाऱ्यांचीच ही गोष्ट आहे.

खार स्वभावाने वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर शेवटी तुम्ही तिला चार शिव्या द्याल आणि स्वतः मोकळे व्हाल. ती कामसू होती, नीटनेटकी होती, कोणाच्या साठ्यातले एक बी तिने कधी उचलले नाही. तिची तिन्ही पिल्ले मोठी होऊन आपापल्या झाडांवर गेली होती आणि रिकामी ढोली तिला खायला उठत होती. त्यात समोरच्या बाभळीवर सुगरणीचा खोपा. जो येई तो मान वर करून त्या खोप्याचे कौतुक करी आणि खारीच्या दारावरून तसाच पुढे जाई. हे तिला फार लागत असे.

श्रावणातल्या एका उघडिपीच्या दुपारी जमिनीतून पंखवाल्या मुंग्यांचा लोट हवेत उठला. कोतवाल आणि वेडे राघू त्यांच्यावर तुटून पडले. शेकड्यांनी उडाल्या, पाच-दहा वाचल्या. त्यांतली एक मोठी काळी मुंगी खारीच्या दारातल्या फांदीवर उतरली आणि उतरल्या उतरल्या तिने आपले पंख पायांनी दाबून मोडून टाकले.

"अगं बाई! पंख गेले बिचारीचे," खार हळहळली. तिने मुंगीला अलगद पंजात उचलले. "घाबरू नकोस. आता तुझं सगळं मी बघते."

"ताई, मला खाली मातीत जायचंय," मुंगी म्हणाली. "फार घाई आहे हो."

"घाई कसली मेली? हे घर आपलंच समज."

पाळायचे तर हे आहे तरी कोण, हे आधी कळायला हवे, इतकी अक्कल खारीला होती. त्या जंगलात मुंग्यांची खरी पारख एकालाच होती : टेकडीखालच्या बिळात राहणाऱ्या म्हाताऱ्या खवले मांजराला. ते जन्मभर मुंग्या खात आले होते. खारीने त्याला भरदिवसा झोपेतून उठवले.

"काका, ही कोण आहे ते जरा बघता का? पण जीभ आतच ठेवा हं."

खवले मांजराने एक डोळा उघडला आणि वास घेतला. "मुंगळ्यांची राणी आहे. छाती बघ कशी भरदार आहे, उडायचं बळ तिथे असतं. पोट लांब. आणि पाठीवर हे वण दिसतात ना, तिथे पंख होते. संसार मांडायचा ठरला की त्या स्वतःच काढून टाकतात."

"हिला खायला काय घालू?"

"काही नको. उडायचं बळ आता उपयोगाचं नाही, तेच अंगात जिरवून ती पहिली पोरं वाढवते. ओल्या कापसाचा बोळा ठेव, अंधार ठेव आणि सव्वा महिना झाकण उघडू नकोस. पोरं चालायला लागली की मग घाल हवं ते."

"आणि मध्ये एखादे वेळी नुसतं बघितलं तर?"

"तर ती भिईल. भ्यालेली राणी अंडी सांभाळत नाही, खाऊन टाकते."

खारीच्या अंगावर काटा आला. "आणि तुम्ही तिला अजून खाल्लं कसं नाही?"

"एकीने माझं काय होणार? वसली तर चार वर्षांत झाड भरून मुंगळे होतील. मग येईन की." एवढे बोलून खवले मांजर पुन्हा वळकटी करून झोपले.

खार तणतणत घरी आली. "उपाशी ठेवा म्हणे! अंधारात ठेवा म्हणे! मनातलं पाप शेवटी तोंडावर आलंच." मुलांनो, खवले मांजर त्या दिवशी एक शब्दही खोटे बोलले नव्हते. स्वतःचे पाप तर त्याने न विचारता सांगून टाकले होते. असला खरेपणा कोणाला आवडत नाही.

तरी पहिले काही दिवस खारीने नीट केले. वाळलेल्या बेलफळाची कवटी कोरून साफ केली, सावरीचा कापूस भिजवून आत ठेवला, राणीला आत सोडले आणि वर कवटीचेच झाकण घातले. चौथ्या दिवशी तिला राहवले नाही. झाकण किलकिले करून बघते, तर कापसाजवळ खसखशीएवढी आठ पांढरी अंडी! खारीचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांनी तिच्या घरात कोणाचे तरी लेकरू होते.

"झाकण लावा ना, ताई," राणी म्हणाली.

"लावते गं, लावते," म्हणत खार घटकाभर बघत बसली. आणि मग तिने ही बातमी सातभाईंना सांगितली. आता सात जणांचे टोळके करून दिवसभर कलकलाट करणाऱ्या पक्ष्यांना सांगितलेली गोष्ट किती वेळ घरात राहणार? दुपारपर्यंत मोहाखाली गर्दी जमली. ससे आले, मुंगूस आले, सुगरण स्वतः आपला खोपा सोडून आली. सुगरण आपल्या दारी आलेली पाहून खारीला आभाळ ठेंगणे झाले.

पोपटही आला. पोपट काही वर्षे गावात पिंजऱ्यात राहून सुटून आला होता, त्यामुळे पाळण्याच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा मानत. त्याने मान वाकडी करून कवटीत पाहिले.

"अंधारात कोंडून कुठे जीव वाढतो का? मला बघायला येणारा-जाणारा रोज उभा राहायचा. पेरू काय, भिजवलेली डाळ काय! कौतुकाने अंगावर मांस चढतं, बाई."

"मग तुम्ही पळून का आलात?" एका सशाने विचारले.

पोपट त्याच्याकडे न बघता म्हणाला, "हवापालट."

त्या दिवसापासून झाकण बाजूलाच राहू लागले. कोणी मध आणी, कोणी उंबर आणी. मधात राणीचे पाय चिकटत, उंबराला बुरशी धरे. खार बुरशी काढून नवे उंबर ठेवी. दर वेळी कवटी हले आणि राणी अंडी तोंडात धरून सैरावैरा धावे.

"किती चपळ आहे नाही?" बघणारे म्हणत.

"ताई, एवढं झाकण लावा," राणी म्हणे. "मला दुसरं काही नको."

"अगं, पाहुणे आलेत. तोंडावर झाकण लावलं तर बरं दिसेल का?"

आठाची सहा अंडी झाली, सहाची चार. खारीला वाटले, पोटाला कमी पडते आहे. तिने मध वाढवला.

एकदा कोणी नसताना राणीने धीर करून विचारले, "ताई, तुमची पिल्लं झाली तेव्हा किती जण बघायला आले होते?"

"कोणी नाही!" खार अभिमानाने म्हणाली. "सव्वा महिना ढोलीचं तोंड सालीने बुजवून घेतलं होतं मी. नवऱ्यालासुद्धा फिरकू दिलं नाही. ओल्या बाळंतिणीला वारा लागता कामा नये की उजेड."

"मग मलाही..."

"तुझं वेगळं आहे. तुला बघायला मी आहे ना."

अंडी दिसल्याला बारा दिवस झाले, तेव्हा खारीने बारसे काढले. अंड्यांचे कसले बारसे, असे विचारू नका. पाहुण्यांना बोलवायला निमित्त लागते. कवटी उन्हात, सगळ्यांना दिसेल अशा फांदीवर ठेवली. सातभाईंनी पाळणा म्हटला. पोपटाने चार शब्द सांगितले, त्यांत तीन पेरूबद्दल होते.

कवटीत त्या दिवशी एकच अंडे उरले होते. राणीने ते तोंडात धरून कवटीचा एकेक कोपरा पाहिला. सगळीकडे ऊन होते, आणि उन्हाच्या वर डोळे. शेवटी ती मधोमध थांबली आणि सगळ्यांच्या देखत तिने ते अंडे खाल्ले.

पाळणा मध्येच तुटला. "वैरीण मेली!" सुगरण किंचाळली. "पोटच्या पोराला खाल्लं!" सशांनी आपल्या पिल्लांचे डोळे झाकले. खार मात्र खरोखर रडत होती. ढोंग नव्हते ते; इतके रडताना तिला पूर्वी कोणी पाहिले नव्हते.

"काय कमी केलं होतं गं मी तुला?" तिने हुंदके देत विचारले.

"झाकण," राणी म्हणाली.

त्या गलक्यात ते कोणाला ऐकू गेले नाही. पोपट खारीची समजूत घालत होता, की जात्याच निष्ठुर असते ही जमात, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. खारीने डोळे पुसले आणि कवटी फांदीवरून उपडी केली.

राणी मोहाच्या मुळाशी पडली. दिवस मावळता मावळता खवले मांजर नाक जमिनीला लावून तिथून चालले होते.

"सव्वा महिना झाला एवढ्यात?" त्याने विचारले.

"नाही."

"अंडी?"

"नाहीत."

"मग अजून वेळ आहे, माती उकरून आत शिर. मी दुसऱ्या वाटेने जातो."

राणीने पुढचे दोन्ही पाय मातीत रोवले. दोन कण हलले, तिसरा हलेना. उडण्याचे जे बळ अंगात जिरवून तिला लेकरे वाढवायची होती, ते सगळे कवटीत इकडून तिकडे धावण्यात संपले होते. "होत नाही आता," ती म्हणाली.

खवले मांजराने तिचा वास घेतला. मग त्याने जीभ बाहेर काढली. एकीने त्याचे काही झाले नाही.

हे एका सातभाईने वरून पाहिले आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या जंगलाला कळले की खारीने तळहाताच्या फोडासारख्या जपलेल्या राणीला त्या मेल्या खवले मांजराने खाल्ले. खारीनेही हीच गोष्ट पुढे वर्षभर सांगितली, आणि सांगताना प्रत्येक वेळी तिच्या डोळ्यांत पाणी येई. आलेगेले तिच्या दाराशी थांबून ऐकत.

पुढच्या श्रावणात तिने दुसरी राणी धरली. नवी कवटीही कोरून तयार आहे. ह्या खेपेला झाकण करायचेच नाही, म्हणजे बिचारीला एकटे वाटणार नाही, असे तिने पोपटाच्या सल्ल्याने ठरवले आहे.

तात्पर्य : पाळलेल्या जिवाने मागितलेली एक गोष्ट ज्याला देववत नाही, त्याने न मागता दिलेल्या शंभर गोष्टी स्वतःसाठीच असतात.