हरलेल्याची पंगत

निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी रानबोडीत आलेला पाहुणा हमखास फसतो. अंगणात पंगत बसलेली, लाखोरीच्या वरणाचा वास सुटलेला आणि घरधनी स्वतः भात वाढतोय, म्हटल्यावर तो त्यालाच जिंकलेला समजून अभिनंदन करतो. मग कुणीतरी त्याला बाजूला घेऊन सांगतं, की हे हरलेले. जिंकलेला तो तिकडे, पहिल्या पाटावर मान खाली घालून जेवतोय. ही रीत कुठून आली ते गावचे उरकुडाजी तलावाच्या पाळीवर बसून सांगतात, आणि मध्ये कुणी तोंड घातलेलं त्यांना खपत नाही.

फार मागे रानबोडीचा पाटील पोटी मूल नसता वारला. तलावाचं पाणी कधी सोडायचं, हे पाटलानं सांगायचं. त्याच्या शब्दाशिवाय मोरी उघडायची नाही, असा दंडक. गावानं ठरवलं, नवा पाटील आपणच निवडू. वरच्या टोल्यातला, म्हणजे वरच्या वस्तीतला, डोमाजी आणि खालच्या टोल्यातला लटारू, असे दोघे उभे राहिले. डोमाजी दिलाचा मोठा, पण मानाचा भारी भुकेला. पाटील म्हणून कुणी हाक मारावी, यासाठी त्याचा जीव तळमळायचा. पाळीवर एका अंगाला डोमाजीची माणसं उभी राहिली, दुसऱ्या अंगाला लटारूची. कुंभारटोल्याचं मात्र मन ठरेना. ती मंडळी मधोमध बसून राहिली, म्हणे.

डोमाजीकडे माणसं जास्त भरली. तो लगेच पाटलाच्या बसायच्या दगडावर जाऊन बसला. लटारू म्हणाला, तुझ्याकडे जास्त खरे, पण तुझ्याकडे नसलेले त्याहून जास्त आहेत. दोघांचंही बरोबर होतं, हीच तर पंचाईत. डोमाजीनं मोरी उघडायला सांगितलं, की लटारूची माणसं ती बुजवायची. हुकूम देणारा हा कोण, असं त्यांचं म्हणणं. धान निसवायला आलेलं, पावसानं पाठ फिरवलेली, तलाव काठोकाठ भरलेला आणि बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, भेगा पडत चाललेल्या.

मग दोघांनी कुंभारटोल्याच्या वाऱ्या सुरू केल्या. डोमाजीनं अनरसे नेले, लटारूनं मासोळ्या. कुंभारांनी दोन्ही आनंदानं खाल्लं आणि दोघांनाही बरं म्हटलं. शेवटी टोल्यातली म्हातारी पार्बता, जिच्या शब्दाबाहेर तिथं कुणी जात नसे, तिलाच या खाण्याचा कंटाळा आला. ती म्हणाली, "आमाले चारून काय होते? तुमच्यातला जो पयले दुसऱ्याच्या घरी पोटभर जेवून येईन, त्याच्या मांगं आमी उभे राहू."

हे ऐकून डोमाजीला हसूच आलं. जेवायचं तर आहे. त्यानं तिथूनच लटारूचं घर गाठलं आणि ओसरीवर बैठक मारली. त्याच्यामागोमाग अख्खं गाव आलं. पार्बताची अट लटारूनंही ऐकली होती. घरात शिजवलेलं काही नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण तो आत गेला, पाय धुवायला पाणी घेऊन आला, ताट मांडलं आणि स्वतः भात वाढू लागला. डोमाजी जेवताना सहज परसाकडे पाहतो, तर लटारूची बांधी दिसली. सगळ्यात शेवटची, पाण्यापासून सगळ्यात लांब. तिथलं धान पिवळं पडून माना टाकत होतं. आपल्या आधी याचं जळतंय, हे डोमाजीच्या ध्यानातच आलं नव्हतं. हातातला घास त्यानं ताटात ठेवला.

"तुले मालूम होतं ना," त्यानं विचारलं, "मी जेवलो का पाटीलकी माझी?"

"होतं."

"तरी वाढलंस?"

लटारूनं ताटात आणखी भात वाढला. "दारात जेवाले आलेल्याले उपाशी धाडून पाटील होऊ काय, भाऊ?"

डोमाजीनं ताटातलं शीत न् शीत संपवलं. अटीप्रमाणे तो आता पाटील झाला होता. कुंभारटोला त्याच्या मागे येऊन उभाही राहिला. डोमाजी हात धुऊन उठला. जन्मभर जो शब्द आपल्याला कुणी म्हणावा म्हणून झुरला, तो त्यानं लटारूकडे पाहून उच्चारला. "चला पाटील, पाणी सोडा." असं सांगतात, की त्याचा आवाज पार पाळीपर्यंत ऐकू गेला. त्या दिवशी मोरी उघडली, ती बुजवायला कुणी गेलं नाही. तेव्हापासून गावात ठरलं, की समोरचा ज्याला पाटील म्हणेल तोच पाटील.

आता पाटीलकी गेली, सरपंच आले, मतं यंत्रात पडू लागली. पण आजही रानबोडीत मतमोजणीनं कुणी पाटील होत नाही. हरलेला वाढतो, जिंकलेला जेवतो, आणि हरलेल्यानं पाटील म्हणून हाक मारल्याखेरीज त्याला पाटावरून उठता येत नाही. एका वर्षी हरलेला इतका रुसला होता, की वाढतच राहिला पण तो शब्द काढेना. जिंकलेल्यानंही घामाघूम होत, वाढलं ते सगळं खाल्लं. अखेर वाढणाऱ्यालाच हसू फुटलं आणि तो म्हणाला, "उठा आता पाटील, पोट फुटलं तर उद्यापासून माझं गाऱ्हाणं ऐकायचं कोनी?"