कासार गल्लीतला नवा देव

कासार गल्ली एवढी अरुंद, की समोरून म्हैस आली तर स्कूटरवाल्यानं ओट्याला चिकटावं. त्याच गल्लीत माजी सभापती रावसाहेब नलगे रोज आपली पांढरी गाडी उभी करायचे, चारही इंडिकेटर चालू ठेवायचे आणि "दोन मिनिटांत आलो" म्हणून मित्राकडे पत्ते कुटायला बसायचे ते जेवणवेळेपर्यंत. कुणी बोललंच, तर साहेब विचारायचे, "मला ओळखत नाहीस का?"

एकदा गोदाक्कांच्या सुनेला दवाखान्यात न्यायचं होतं. नववा महिना, आणि साहेबांच्या गाडीमुळं रिक्षा गल्लीत शिरेना. पोर भर उन्हात नाक्यापर्यंत चालत गेली.

गोदाक्का भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीला झेंडूचा हार घातला, बॉनेटला शेंदूर फासला आणि पुढ्यात उदबत्ती लावली. प्रदक्षिणेला जागा नव्हती, म्हणून बायका लांबूनच हात जोडू लागल्या.

साहेब बाहेर आले ते लालबुंद होऊन. "कुणाचा हा चावटपणा?"

"माझा," गोदाक्का पदर सावरत म्हणाल्या. "रस्त्यातला जो दगड हलत नाही, त्याला आपण शेंदूर लावतो, साहेब. ही रोज इथंच. आम्हाला वाटलं, देवच आहे."

"अहो, गाडी आहे ती."

"असेल. हलवून दाखवा, इथंच नाक घासून माफी मागते."

सगळी गल्ली बघत होती. साहेबांनी गाडी काढली, आणि गोदाक्कांनी खरंच नाक घासलं.

आता ती गाडी नाक्यावर घुटमळली, की कुणीतरी ओरडतं, "गोदाक्का, शेंदूर उरलाय का?"

गाडी सरळ पुढं जाते.