धोकादायक फांदीची सूचना

माणसांनी सोसायट्या काढण्याच्या कितीतरी आधी नदीकाठच्या एका उंबरावर पक्षी-प्राण्यांची रीतसर सोसायटी होती, आणि सुतारपक्षी तिचा चिटणीस होता. कोणतीही सूचना संबंधित जागीच, चोचीने कोरून द्यावी, हा नियम त्यानेच मंजूर करून घेतला होता.

एकदा त्याला पूर्वेकडची फांदी पोकळ झालेली आढळली. तिच्या टोकाला साळुंकीचे घरटे होते आणि त्यात नुकतेच पंख फुटलेली तीन पिल्ले होती. चिटणीसाने तत्काळ त्याच फांदीच्या बेचक्याजवळ कोरायला घेतले : 'ही फांदी धोकादायक आहे.'

"चिटणीससाहेब, कसली ही ठकठक?" साळुंकी ओरडली. "पोरं आत्ता कुठे झोपलीत!"

"सूचना कोरतोय. पूर्ण झाली की वाचा."

फांदी करकरली. खार तुरुतुरु धावत आली. "अहो, ती समोर बसलीय! सांगून टाका की!"

"तोंडी सूचना ग्राह्य नाही," असे म्हणून चिटणीसाने 'धोकादायक' हा शब्द अधिक खोल केला.

"साळुंकीवहिनी, उडा! फांदी पडतेय!" खार किंचाळली.

साळुंकीने एकेका पिल्लाला ढकलले. पिल्ले धडपडली, कोलांटली आणि आयुष्यात प्रथमच उडत हर्षाने किंचाळत सुटली. मागे फांदी, अचूक सूचनेसह, धपकन नदीत पडली.

संध्याकाळच्या सभेत खारीवर ठपका आला : अधिकार नसताना सूचना दिली. तो ठराव कोरण्यासाठी चिटणीस नियमानुसार खारीच्या फांदीकडे निघाला.

"कळलं, साहेब, कळलं!" त्याच्यापुढे धावत खार म्हणाली. "अगदी पूर्ण कळलं!"