दरबारची फाइल तंतोतंत उघडायची गोष्ट

"केसाचाही फरक चालणार नाही!" झुंजारराव महाराज गरजले. "दरबारची कुठलीही फाइल तुझ्या प्रोग्रामात उघडली पाहिजे आणि दरबारात दिसते तश्शीच दिसली पाहिजे. पौर्णिमेपर्यंत मुदत! नाही जमलं तर तुझा प्रोग्राम बंद आणि संगणक जप्त!"

समोर उभी होती भिवा कासाराची मुलगी कस्तुरा. तिचा गुन्हा काय, तर तिने गावासाठी लिहिण्याचा एक साधासुधा प्रोग्राम तयार केला होता. दरबारात चाले तो 'राजलेख'. तो इतका महाग, की गावाने तो नुसता लांबून बघावा! म्हणून गावकरी कस्तुराच्या प्रोग्रामात अर्ज लिहीत. कुणाला पाणी हवं, कुणाला रस्ता. आणि दप्तरातून प्रत्येक अर्ज एकाच शेऱ्यानिशी परत येई: 'उघडत नाही.'

कस्तुरा तक्रार घेऊन आली, तर अंताजीपंत दप्तरदारांनी महाराजांचे कान फुंकले, "हिचा प्रोग्राम आपल्या फायली तरी उघडतो का, विचारा!" महाराज आधीच हट्टी, त्यात कानाचे हलके. झालं!

"उघडते," कस्तुरा म्हणाली. "पण फाइल आतून बांधलीय कशी, ते तरी सांगा."

"सांगतो की!" पंत गालात हसले.

दुसऱ्या दिवशी कस्तुराच्या दारात बैलगाडी उभी. गाडीत वरपर्यंत कागदच कागद! फाइल कशी बांधावी याचे नियम! कस्तुरा वाचायला बसली आणि तिचं डोकं गरगरायला लागलं. कुण्या जुन्या राजाला मोरांची हौस, म्हणून प्रत्येक पानाच्या कडेला मोराची जागा राखलेली, मोर असो वा नसो. कुण्या राणीला तक्त्यात तक्ता हवा होता, आणि त्या तक्त्यातही आणखी एक! नवीन ते दरवेळी वर चढवलेलं, जुनं मात्र कुणी काढलेलं नाही. आणि एका पानावर तर कहर: 'येथे दोन ओळींत थोरले पंत सोडत तेवढे अंतर सोडावे.'

ती तडक दप्तरात गेली. "थोरले पंत किती अंतर सोडत?"

"माझे वडील? त्यांच्या मनाला येईल तेवढं!"

"मग त्यांनाच विचारते. कुठे भेटतील?"

"कैलासात!"

"अहो, मग ही ओळ काढून टाका ना!"

"भलतंच काय!" पंतांनी कानांवर हात ठेवले. "काढली तर जुने कागद कोलमडतील. जुन्याला हात लावायचा नाही, ही दप्तराची रीत आहे!"

कस्तुरा घरी आली ती तणतणतच. संगणक गेला तर गावचे अर्ज लिहिणार कोण? "आबा, हे म्हणतात तश्शी पाहिजे. पण कशी, ते एकालाही धड सांगता येत नाही!"

भिवा बांगड्यांचे जुडगे बांधत होता. "आमच्यातबी हायेत की असली गिऱ्हाइकं! म्हनत्यात, मागल्या बारीला व्हती तश्शीच बांगडी दे. म्या म्हनतो, बाई, आधी ती मागल्या बारीची दाव!"

कस्तुराने एकदम टाळी वाजवली.

पौर्णिमेला दरबार खच्चून भरला. महाराजांनी स्वतः फाइल निवडली: त्यांच्याच राज्याभिषेकाचा जाहीरनामा, वर तसबीर, खाली शिक्का.

"उघड!"

"उघडते, महाराज. पण तंतोतंत कशाशी जुळवू? आधी नमुना दाखवा."

पंतांनी ऐटीत आपल्या संगणकावर फाइल उघडली. सगळं जिथल्या तिथे, झकास!

"आता हीच खजिनदारांच्या संगणकावर उघडा."

खजिनदारांकडे राजलेख नव्या आवृत्तीचा. फाइल उघडली, आणि 'झुंजार' एका पानावर राहिले, 'राव' दुसऱ्या पानावर गेले! शिक्का सरकत वर आला आणि थेट तसबिरीतल्या महाराजांच्या नाकावर बसला. दरबाऱ्यांनी उपरण्यांत तोंडं लपवली.

"आता फडणिसांच्या."

तिथला राजलेख जुना. महाराजांच्या नावाच्या जागी नुसते चौकोनच चौकोन!

"आवृत्त्या वेगळ्या आहेत, महाराज!" पंतांना घाम फुटला.

"पण तिन्ही राजलेखच ना? तिन्ही दरबारचेच ना?" कस्तुराने विचारलं.

"हो, म्हणजे... तसे दरबारचेच."

"मग महाराज, यातली खरी कोणती, तिच्यावर आपणच बोट ठेवा."

महाराजांनी नाकावरच्या शिक्क्याकडे एक जळजळीत नजर टाकली आणि पंतांच्या संगणकावर बोट ठेवलं. "ही!"

"ठरलं तर!" कस्तुरा म्हणाली. "केसाचाही फरक चालत नाही, हा आपलाच हुकूम. तेव्हा आधी खजिनदारांचा आणि फडणिसांचा राजलेख बंद करा, त्यांचे संगणक जप्त करा. माझी पाळी त्यांच्यानंतर!"

खजिनदारांनी आपला संगणक पोटाशी धरला. महाराजांच्या मिशा थरथरल्या, आणि मग ते जे हसत सुटले, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत!

"पोरी, दरबारची फाइल दरबारालाच धड उघडता येत नाही, आणि आम्ही तुला धरून बसलो!" हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी कस्तुराला दिलं. "आजपासून रयतेने अर्ज कशातही लिहावा. तो उघडून वाचणं हे दप्तराचं काम!"

पंत लगबगीने हुकूम टंकायला बसले.

"थांबा, पंत!" महाराज ओरडले. "हा हुकूम फाइलीत नको. दवंडी पिटा!"