चांगल्या जाळाचा रंग

एकदा एका साखर कारखान्याच्या गावात एक वृद्ध चित्रकार राहत असे. त्याचा शिष्य नेहमी म्हणे, "या गावात काढण्यासारखे काही नाही, गुरुजी." जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी त्याने अखेर रागानेच कारखान्याचे चित्र काढले. करडे आकाश, उंच चिमणी आणि तिच्यातून लोटणारा काळाकुट्ट धूर. चित्र निवडले गेले तर शहरातल्या कलाशाळेची शिष्यवृत्ती मिळणार होती. चित्र पाठवण्याचा तो शेवटचा दिवस होता.

वृद्धाने चित्र पाहिले, काखोटीला मारले आणि तो कारखान्याकडे चालू लागला. शिष्य गोंधळून मागे गेला.

बॉयलरवर बाबालाल नावाचा जुना फायरमन होता. वृद्धाने चित्र त्याच्यापुढे धरले. "बाबालाल, पास की नापास?"

बाबालालने डोळे बारीक केले. "कुठली चिमणी म्हणायची ही?"

"आपलीच की, चाचा," शिष्य म्हणाला.

"ह्या! मर्दा, असला धूर निघाला तर साहेबाच्या आधी मीच मला घरी पाठवीन. उसाचा भुसा ओला आला, नाहीतर हवा कमी पडली, तरच काळं निघतं. सव्वीस हंगाम जाळ राखतोय मी. कधी वर मान करून बघितलंस का?"

शिष्य ओशाळला. मग त्याने वर पाहिले. धूर विरळ होता, उन्हात फिकट जांभळा, कडेला पांढुरका. तो आभाळात नेमका कुठे संपतो ते कळत नव्हते.

"या रंगाला काय म्हणता, चाचा?"

"रंग कसला? चांगला जाळ म्हणतो आम्ही."

परतताना वृद्ध म्हणाला, "तू गावावर रागावला होतास, म्हणून धूर काळा असणार हे घरी बसूनच ठरवलेस. बाबालाल दिवसातून शंभरदा वर पाहतो, कारण त्याचे काम बरे चालले की नाही, ते तिथे दिसते. तुझ्या चित्रात त्याची सव्वीस वर्षे काळी झाली. आता पाठवायचे की नाही, ते तू ठरव."

"टपाल पाचला निघते," शिष्य पुटपुटला. वृद्ध पुढे चालत राहिला.

शिष्य अर्ध्या वाटेवरून मागे फिरला आणि बॉयलरसमोर विटांच्या ढिगावर जाऊन बसला. पाच वाजून गेले. ऊन कलले तसा धूर तांबूस होत गेला. बाबालाल बाहेर आला, त्याने सवयीने वर पाहिले आणि तो आत गेला. शिष्य पाहतच राहिला.

एखाद्या जागेला कुरूप म्हणण्यापूर्वी तिथे राबणाऱ्याला एकदा विचारावे.