करंजबावचा बिनशेंदराचा दगड

करंजबावच्या बारवेच्या तोंडाशी कमरेइतका एक दगड उभा आहे. वर चंद्र-सूर्य, मध्ये सहा ओळी, खाली एक जनावर. त्याला शेंदूर नाही, तेल नाही, साधं फूलही नाही. बाहेरगावचे लोक जुनं काही दिसलं की हात जोडतात, नारळ काढतात. इथली माणसं त्यांना अडवतात. म्हणतात, "पाहुणं, नारळ घरी न्या, चटणी करा. ह्यो दगड पुजायचा न्हाई, वाचायचा हाय."

पण फार पूर्वी हाच दगड या गावाचा देव होता म्हणे. चार बोटं जाडीचा शेंदूर त्याच्यावर चढला होता. आत काय आहे ते कुणाच्या आज्यानेही पाहिलं नव्हतं. खालच्या जनावराचा नुसता फुगवटा दिसे, त्यावरून गावाने ठरवलं की हा घोडा. म्हणून देवाचं नाव घोडेराय. लग्न ठरलं की घोडेराय, भांडण झालं की घोडेरायाची आण. आणि एवढ्या गावात अक्षर ओळखणारा माणूस औषधालाही नव्हता. त्याची लाज तर सोडाच, तोरा होता! गावचा पाटील रायाजी मिशीवर हात फिरवून सांगायचा, "अक्षरं चाकरांनी शिकावीत. मालकाला शिक्का पुरे."

ओढ्यापलीकडच्या वस्तीत भिवरा नावाची पाथरवटीण राहायची. घरोघरची गुळगुळीत झालेली जाती छिन्नीने टाकी लावून पुन्हा खरखरीत करून द्यायची, पाटे-वरवंटे घडवायची. तिचा बाप एका मठात समाध्यांचे दगड कोरायचा. मठाचा लेखक कोळशाने अक्षरं काढून देई, हा त्यावरून छिन्नी चालवी. एकदा पावसाने कोळसा धुऊन गेला. बापाने उरलेली अक्षरं अंदाजाने कोरली आणि महंताच्या नावाचा पार विचका झाला. भरल्या मठात लोक पोट धरून हसले. तो घरी आला तो लेकीला म्हणाला, "माझ्या हाताला अक्षर येतं, डोस्क्याला येत न्हाई. तू शिक." मठातल्या एका म्हाताऱ्या जोगिणीने तिला शिकवलं. असं सांगतात की वर्षभर त्या जोगिणीच्या जात्याची टाकी भिवराने एकदाही बोथट होऊ दिली नाही.

लग्न होऊन ती करंजबावला आली. इथे अक्षराची कुणी चौकशी केली नाही, तिनेही सांगितलं नाही.

त्या काळी ओढ्यापलीकडच्यांना बारवेत उतरायची बंदी होती. बायांनी घागरी घेऊन वर उन्हात उभं राहायचं. कुणाला दया आली तर वरून ओतायचं, नाही आली तर रिकामं जायचं. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले, तशी दयाही आटली. वस्ती ओढ्यातल्या डबक्याचं पाणी पिऊ लागली. भिवराच्या शेजारची ठकू, दिवस भरत आलेली, त्या पाण्याने आजारी पडली आणि तिसऱ्या दिवशी गेली. पोटातल्या जिवासकट.

तिला माती देऊन भिवरा तशीच पाटलाच्या चावडीवर गेली.

"बारवेत उतरू द्या, पाटील. माणसं मराया लागली."

रायाजी म्हणाला, "माझ्या हातात असतं तर दिलं असतं गं. पर देवाचीच बंदी हाय. तुमच्या सावलीनं पाणी बाटतं, असं त्या दगडावर लिवलंय."

"वाचलंय कुणी?"

"वाचाया कशाला पाहिजे? बाप सांगत आला, आजा सांगत आला."

मघापर्यंत भिवराच्या पोटात राग होता. आता राग गेला आणि शिसारी आली. हा माणूस दुष्ट असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. हा तर नुसता ठोंब्या होता, आणि त्या ठोंब्याच्या तोंडच्या शब्दावर ठकू मेली होती.

चैत्री पौर्णिमेला घोडेरायाची जत्रा. भर दुपारी सगळा गाव बारवेपाशी जमला होता. लग्नं लावणारा परगावचा जोशी आला होता. भिवरा गर्दीतून थेट दगडापुढे गेली आणि मोठ्याने म्हणाली, "पाटील, इथं लिवलंय म्हणता, तर वाचून दावा. मी ऐकते आन् निमूट जाते."

पाटलाने जोशाकडे पाहिलं. जोशी घसा खाकरून म्हणाला, "हे देवाचं अक्षर. माणसानं वाचू नये."

"मग कुणी वाचलंच न्हाई, तर माणसाची बंदी देवाच्या नावावर कशी?" असं म्हणून तिने ओटीतली छिन्नी-हातोडी काढली.

बाया किंचाळल्या. रायाजी मात्र हसला. त्याला खात्री होती, पहिल्या घावालाच बाईचे हात झडतील आणि जत्रेला रंग येईल. "काढ, काढ," तो म्हणाला. "बघू दे समद्यांना."

तिने घाव घातला. उन्हाने तडकलेला शेंदूर खपल्या-खपल्यांनी गळू लागला. हात झडले नाहीत. आधी चंद्र-सूर्य उघडे पडले, मग ओळी, मग खालचं जनावर. पुढे बसलेल्या देवबा कुंभाराने मान वाकडी करून ते नीट पाहिलं.

"ह्यो घोडा न्हवं," तो म्हणाला. "माझ्या दारात असले तीन बांधल्यात."

इतक्या पिढ्यांनी गाढवापुढे डोकी फोडून घेतली होती. कुणी हसेना, कुणाला हसायचं धैर्य होईना. भिवराने ओळीवर बोट ठेवलं आणि शब्द शब्द सावकाश वाचला:

"हे पाणी अवघ्यांचें. माणूस, ढोर, पाखरू, वाटसरू. जो कोणी कोणास हे पाणी तोडील, तो गाढवाचा पूत."

"खोटं वाचती!" रायाजी ओरडला.

"मग खरं तुम्ही वाचा," भिवरा म्हणाली आणि बाजूला सरकली.

पाटील दगडापुढे उभा राहिला. सहा ओळी, आणि त्याला त्यातली एक वेलांटी ओळखता येईना. सगळा गाव पाहत होता. शेवटी लोकांनी जोशाला दंडाला धरून पुढे आणलं. त्याने वाचलं, चाचरत वाचलं, पण तेच वाचलं. बंदी घालायला नव्हे, बंदी घालणाऱ्याला शिवी द्यायला तो दगड उभा केला होता, आणि गावाने त्याच शिवीची आण घेऊन माणसं तहानेली ठेवली होती.

भिवराने घागर उचलली आणि पायऱ्या उतरू लागली. रायाजीने काठी उगारली. देवबा कुंभार जागचा न हलता म्हणाला, "पाटील, दगडावर लिवलंय त्ये सोत्ताच्या अंगावर घ्यायचंय का?" काठी खाली आली. वस्तीतल्या बाया एकामागून एक उतरल्या.

काही जण सांगतात, तेव्हा पाणी सात पायऱ्या वर चढलं. तसलं काही झालं नाही. पाणी होतं तेवढंच होतं. ते अवघ्यांना पुरलं, इतकंच.

पुढे आठ दिवसांत पाटलाची थोरली सून, गोदा, डोक्यावर जात्याची खालची तळी घेऊन भिवराच्या झोपडीत आली. म्हणाली, "टाकी लावून दे." जात्याला तर नवीकोरी टाकी होती. भिवराने तळी बाजूला ठेवली. जमिनीवर पीठ पसरलं आणि गोदाचं बोट धरून पहिलं अक्षर काढलं. गोदाच्या मागून दुसऱ्या आल्या, मग पुरुषही, तोंड लपवत.

तेव्हापासून गावाने रीत घातली. आजही करंजबावमध्ये ज्याला पंच म्हणून बसायचं आहे, त्याला आधी सगळ्यांसमोर हा दगड वाचावा लागतो. पहिल्या ओळीपासून शिवीपर्यंत, मध्ये कुणी सांगायचं नाही. गेल्या खेपेला एक जण मोठ्या गाडीतून आला, गळ्यात हार, मागे ढोल. दगडापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "चष्मा घरी राहिला." गर्दीतून तीसेक चष्मे पुढे आले. त्यातले अकरा त्याने एकामागून एक नाकावर चढवून पाहिले, म्हणे.