आग्या मरत नाही

“...आणि तरीही तो मरत नाही. का, मामा?”

केतकीने वही मिटली आणि घरापुढच्या खळ्याच्या कडेला बसलेल्या धाकूमामांकडे पाहिलं. मामा सुपातल्या आमसुलांना ऊन दाखवत होते. चाळीस वर्षं त्यांनी दशावतारात राक्षस केले. जत्रा कुठलीही असो, मरायला हेच. आता गुडघ्यांनी संप पुकारला होता, म्हणून घरी.

“कोण मरना नाय म्हणतंस?”

“आग्या. माझा ड्रॅगन.”

तिचा म्हणजे तसा उसनाच. एका परदेशी कादंबरीमालिकेतला. मालिका संपली, पण चाहत्यांचं पोट काही भरलं नाही. तेव्हा केतकीने तो ड्रॅगन उचलला, त्याला मराठी नाव दिलं, त्याच्यासमोर वीरजा नावाची आपली एक लढवय्यी उभी केली आणि तीन वर्षं दर आठवड्याला मोबाइलवर एक भाग लिहिला. चार हजार वाचक. त्याचा तिला गर्वही होता, खोटं कशाला बोला?

पण शेवटच्या भागाने तिच्या नाकी नऊ आणले. आग्याला तिने भाल्याने मारला, विषाने मारला, कड्यावरून ढकलला. असे सात शेवट लिहून जवळच्या वाचकांना दाखवले. सातही वेळा उत्तर एकच: मेल्यासारखा वाटत नाही.

ती दमली होती. नुसती दमली नव्हती, विटली होती. आठवा शेवट जमला नाही तर लिहिणंच सोडायचं, असं ठरवून ती कुडाळच्या एसटीत बसली होती. मरण शिकायचं तर धाकू मेस्त्रीकडे जा, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

“युद्ध लिहिता येतं मला,” ती म्हणाली. “फक्त त्याचं मरण तेवढं सांगा.”

मामांनी सूप खाली ठेवलं. आत जाऊन पेटीतली लाकडी तलवार आणली, तिच्या हातात दिली आणि खळ्याच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले.

“मार.”

केतकी हसली. मग त्यांचा चेहरा पाहून तिने हसू आवरलं. तलवार त्यांच्या खांद्याजवळून हलकेच फिरवली.

मामा उभेच.

दुसरा वार. तिसरा. दहावा. ती त्यांच्याभोवती गोल फिरली, ओरडली, वीरजाचं ठेवणीतलं वाक्यही म्हणून झालं. शेजारची वैनी कुंपणापाशी थांबून तोंडाला पदर लावून बघायला लागली.

मामांनी जांभई दिली.

“पडा की, मामा!”

“कित्याक?”

“मी मारलं ना तुम्हाला!”

“तू मारलंस गो. मी खय मेलंय?”

“मग मरणार कधी?”

“आमच्यात असाच आसता. नाटकाक कागद नाय, तालीम नाय. राजा आपलो घाव घालीत रवता. राक्षसाच्या मनात इला, की मगे झूज संपता. राजान कितीय उडये मारल्यान तरी.”

“हा कुठला न्याय?” केतकी चिडली. “मग हिरो कोण?”

मामांनी नुसती हनुवटीने तलवारीकडे खूण केली.

तिने पुन्हा तलवार उचलली. हात भरून आले होते, ऊन डोक्यावर आलं होतं. आता तिला ना वीरजा आठवत होती, ना ते चार हजार. समोर सत्तरीचा एक माणूस उभा होता आणि तो तिच्याकडे बघत होता.

बघता बघता त्याचा चेहरा उतरला. मान झुकली. एक हात आधाराला काहीतरी शोधू लागला, पण तिथे काहीच नव्हतं. लांबून बाजार करून आलेला माणूस पायरीवर टेकतो, तसे मामा हळूहळू खाली बसले... आणि मग आडवे झाले.

“मामा!”

ती हातातलं टाकून धावली. दोन्ही हातांनी त्यांचं डोकं उचलून धरलं. “लागलं का? पाणी आणू? अहो मामा... बोला ना!”

तिला रडू फुटलं. खरंखुरं रडू. तीन वर्षांत एकाही भागाने तिला असं रडवलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने मामांनी एक डोळा उघडला.

केतकी रागाने लालबुंद झाली. “नाटक केलंत?”

“अर्धा,” मामा म्हणाले. “ढोपरा खरीच दुखतत.”

“पण तेव्हा मी वारसुद्धा केला नव्हता! मग तुम्ही मेलात कशाने?”

मामांनी उठायची घाई केली नाही. आयुष्यभर इतक्या वेळा पडलेल्या माणसाला कसली आलीय घाई?

“ता मागाहून,” ते थकल्या आवाजात म्हणाले. “पैले सांग, तुझी तलवार खय गेली?”